यशराजची भीती

निवृत्त सुभेदार संग्राम ढमाळ कुकरच्या शिट्टीला घाबरतो, हे खडकेवाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शिट्टी झाली की त्याचा डावा हात कानाच्या पाळीवर जाई. कुत्रं दिसलं की तो ओट्यावर चढे, विहिरीजवळून जाताना डोळे मिटून घेई. यातली एकही भीती त्याची स्वतःची नव्हती. शिट्टी यशराजची, कुत्रं दोघा माने भावांचं, विहीर बाळू कुंभाराच्या थोरल्याची. गावाने वाटणी तोंडपाठ केली होती.

फौजेतून सुटल्यावर संग्राम चार वर्षं एका कंपनीसाठी परमुलखात भाड्याने लढला. मग गुडघा गेला आणि तो लढणाऱ्यांची भरती करू लागला. कंपनीला निर्भय माणसं हवी होती. भीती मारता येत नाही. पण मेंदूतल्या ज्या पेशींत ती मुरलेली असते, त्या भाताच्या रोपासारख्या उपटून दुसऱ्याच्या मेंदूत लावता येतात, एवढा शोध तोवर लागला होता. लावून घेणाऱ्याला ‘भयधारक’ म्हणत. संग्राम स्वतःच भयधारक झाला.

“भ्यायलेलाच आधी मरतो, वहिनी,” तो आयांना सांगे. “पोराची भीती माझ्याकडे ठेवा.”

भरती करणारे तालुक्यात पुष्कळ होते. पोरांचं काहीतरी अंगावर घेणारा हा एकटाच. गावातली नऊ पोरं भरती झाली.

यशराजची आई सारिका संग्रामची शेजारीण. रोज सकाळी कुकर चढवून ती दार सताड उघडं ठेवी. शिट्टीसरशी पलीकडच्या ओट्यावरचा हात कानाला गेला की “आहे माझा” म्हणून कामाला लागे.

सोमवारी कंपनीचा कागद आला. मेलेल्यांची तीन नावं होती: यशराज आणि दोघे माने. घरोघरी सांगण्याचं काम भरती करणाऱ्याचंच. संग्रामने कागद खिशात घातला आणि आधी एस.टी. धरून डॉक्टर केंकरे बाईंना गाठलं. रोपं त्यांनीच लावली होती.

“पण आज सकाळीसुद्धा कान धरला मी,” तो म्हणाला. “म्हणजे पोरगं असेल ना?”

“नाही हो, सुभेदार. रोप खाचरात लावलं की ते खाचराचं. मागे वाफा जळाला तरी त्याला पत्ता नसतो.” बाईंनी कागद परत दिला. “गेली कशी ही मुलं?”

“तोफेचा गोळा. येताना शिट्टी वाजते त्याची. तिथला आचारी जमिनीला चिकटला, तो वाचला. आपली तिघं उभं राहून वर बघत होती म्हणे.”

“माणसाला खाली पाडणं, हेच तर भीतीचं काम.”

“हे तेव्हा सांगायचंत!”

“दुखेल का, एवढंच विचारलं होतंत तुम्ही.”

“मग काढून टाका ती.”

“काढते. कुणात लावू?”

परतीच्या एस.टी.त त्याने वाक्य जुळवलं, तीनदा घोकलं. सारिकाच्या दारात ते आठवेना. त्याने नुसता कागद पुढे केला. तिने तो दोनदा वाचला, घडी करून डब्याखाली सारला आणि तांदूळ धुवायला घेतले.

“वहिनी, डॉक्टर म्हणाल्या...”

“गप बसा, भावजी. कंपनीवाले ओळखतात होय आपल्या पोराला?”

गॅस पेटला. संग्रामने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि त्यांच्यावर सगळं वजन टाकून बसला. वाफ फुसफुसली. शिट्टी झाली. डावा हात हिसडा मारून सुटला आणि कानाला जाऊन बसला.

सारिका हसली. हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. “मेलं, केवढं घाबरवलंत मला! अस्साच कान धरायचा, बघा.”

त्याने तोंड उघडलं; तोवर ती दारात पोचली होती. “अगं नंदा, तुझ्या दोघांचीही नावं घातलीत, पण कागद खोटा आहे गं! माझा आहे!”

थोड्या वेळाने माने भावांची आई नंदा अंगणात आली. तिच्या हातात सुतळी होती आणि सुतळीला कुत्रं.

“भावजी,” ती म्हणाली, “जरा बाहेर येता?”