मागच्या सीटवरून आलेलं उत्तर

आयुष्यभर विनोदी सदरं लिहून मी पुष्कळ खोटं छापून आणलंय. त्यामुळे पुढचं सगळं खरं आहे हे मीच सांगण्यात थोडी अडचण आहे. तरी सांगतो. खरं आहे.

रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती. गेल्या फेब्रुवारीतला रविवार, दुपारचे अडीच. म्हणजे पुण्यात भुतांनीसुद्धा जेवून पडायची वेळ.

जागा, मार्केट यार्डाच्या मागची एक पत्र्याची शेड. तिथे संभाजीराव नावाचे गृहस्थ जुन्या गाड्या विकतात.

मी गेलो होतो भाच्यासाठी. आमोद. राहतो कर्वेनगरला, नोकरी चाकणला, रोजचे जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. आठवीत असल्यापासून त्याला एकच गाडी हवी होती. बुटकी, लाल आणि विनाकारण जोरात पळणारी. असल्या गाडीला हॉट हॅच म्हणतात.

"हॉट म्हणजे? एसी चालत नाही का?" मी विचारलं होतं.

तेव्हापासून तो माझ्याशी गाड्यांबद्दल बेतानेच बोलतो.

पण त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण श्रद्धा, हिने अट घातली होती. दादा म्हणेल तीच गाडी दारात येईल. आमोदच्या वडिलांचं मत त्या घरात कुणी विचारत नाही. तेही विचारत नाहीत.

शेडमध्ये ती गाडी होती. एक नाही, दोन. शेजारी शेजारी, रंगसुद्धा तोच. एक पेट्रोल, एक डिझेल.

"पेट्रोलला दुसरं गिऱ्हाईक लागलंय," संभाजीराव म्हणाले. "पाचपर्यंत काय ते सांगा."

या एका प्रश्नाने तीन आठवडे माझं डोकं उठवलं होतं. दहा जणांना विचारलं, अकरा उत्तरं मिळाली. कुणी म्हणे, डिझेल आता बंदच होणार. कुणी म्हणे, पेट्रोलमध्ये हल्ली काय काय मिसळतात. एकाने तर मला चालत जायचा सल्ला दिला. शेवटी घरातून निघतानाच मी ठरवलं. सत्तर किलोमीटर. डिझेल. विषय संपला.

आमोदला पेट्रोल हवी होती. तसं तो म्हणाला नाही. फक्त डिझेलकडे तो, ताटातल्या दुधी भोपळ्याकडे बघावं तसा बघत होता.

चालवून बघायला आधी डिझेल काढली. संभाजीराव बाहेरच थांबले.

आमोद बसला. धप्.

मी शेजारी बसलो. धप्.

आणि मग...

धप्.

मागचं दार.

मी वळून पाहिलं. सीट रिकामी. दार नीट बंद.

"आधी अर्धवट लागलं असेल," आमोद म्हणाला.

असेल. पण मग ते पूर्ण कुणी लावलं, हे त्याने सांगितलं नाही.

गाडी सुरू झाली. बॉनेटखाली कुणी ज्वारी दळायला बसल्यासारखा तो आवाज. गंगाधामच्या चढाला लागल्यावर मी तो प्रश्न विचारला. जो विचारल्याशिवाय मराठी माणूस कुठल्याही गाडीतून उतरत नाही.

"ॲव्हरेज किती देते रे?"

आमोद गिअर बदलत होता.

इंजिनाची घरघर चालूच होती. पण ती एकदम लांब गेल्यासारखी वाटली...

"बावीस."

थकलेला, पुरुषी आवाज.

"पण काय उपयोग."

"उपयोग काय म्हणजे?" मी वैतागून म्हणालो. "पैसे वाचतात."

"उपयोगाचं कोण काय बोललं?" आमोदने विचारलं.

"तूच."

"मी गिअर टाकत होतो."

"तोंडाने टाकतोस का गिअर?"

"मामा, मला वाटलं तू स्वतःशी बोलतोयस. बोलतोस हल्ली."



आमोदने आरशात पाहिलं. मग हात वर करून आरसा छताकडे वळवला. शेडमध्ये परत येईपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही. वाटेत दोन रिक्षावाल्यांनी आमचा उद्धार केला.

नंतर पेट्रोल काढली.

धप्. धप्.

मी वाट पाहिली. काहीच नाही. बरं वाटलं. पट्टा लावला...

धप्.

या वेळी मी वळलो नाही.

चढावर आमोदने पाय दाबला. गाडी अशी काही सुटली की माझं डोकं मागे आपटलं. माझ्या तोंडून एक अपशब्द गेला.

आणि मागून कुणीतरी हसलं.

जत्रेतल्या पाळण्यात पहिल्यांदा बसलेलं पोर हसतं तसं. आवाज मात्र सत्तरीचा.

आमोदचे कान लाल झाले. म्हणजे त्यानेही ऐकलं होतं.   दोन शिकलेली माणसं आधी कोण वेडं ठरतं याची वाट पाहत शेडपर्यंत आली.

"ती डिझेल कुणाची होती हो?" उतरल्यावर मी संभाजीरावांना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"एका काकांची. दिवाळीत गेले. गाडीत नाही हां, घरी, झोपेत. गाडीला काय डाग नाय."

"कसे होते?"

"सज्जन. त्यांना खरं तर पेट्रोल पाहिजे होती. घरचे म्हणाले, ॲव्हरेज बघा. घेतली डिझेल. मग काय, दर रविवारी जेवण झालं की इथं यायचे. पेट्रोल आली का, विचारायचे." त्यांनी लाल पेट्रोलवर फडका मारला. "ही आली, तवा ते नव्हते."

"नाव काय त्यांचं?"

"उत्तरेश्वर."

मी पुढचे प्रश्न रद्द केले.

पाचला दहा मिनिटं होती. आमोद माझ्याकडे पाठ करून उभा होता. हात पेट्रोलच्या टपावर. सत्तावीस वर्षांचा घोडा, पण निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभा असायचा तसाच.

आता मी तत्त्वाचा माणूस आहे. भूत असलं म्हणून सत्तरातलं एक किलोमीटरही कमी होत नाही. शिवाय ज्याच्याशी आपली ओळख नाही, त्याचा सल्ला का घ्या?

मी श्रद्धाला फोन लावला.

"डिझेल घेऊ दे त्याला," मी म्हणालो. "रोजचं अंतर मोठं आहे."

"हं," ती म्हणाली.

मग शांतता...

बरीच मोठी. कुणाचं तरी बोलणं नीट ऐकून घेताना असते तशी. मधे ती एकदा "खरंय" म्हणाली.

"हॅलो," मी म्हणालो. "काय खरंय?"

"अरे, मग आधी डिझेल कशाला म्हणालास?"

"आधी म्हणजे?"

"नाही, पटलं मला. मनातली गाडी मिळाली नाही, तर वाचवलेल्या डिझेलचं माणूस करणार काय. घेऊ दे पेट्रोल." ती जरा थांबली. "दादा, पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा माणसासारखा बोललास बघ. पण आवाज का बसलाय तुझा?"

मी एवढंच बोललो होतो की डिझेल घेऊ दे, अंतर मोठं आहे.

फोन मी आमोदच्या हातात दिला. त्याचा चेहरा पाहिला आणि खुलासा करायचं राहून गेलं.

पेट्रोल त्याच संध्याकाळी कर्वेनगरला आली. आमोद खूश आहे. गाडीत काही ऐकू येतं का, असं मी त्याला आडून विचारलं. तो म्हणाला, काहीच नाही. डिझेलही महिनाभरात विकली गेली. तिच्याबद्दलही कुणाची तक्रार नाही.

मग ते गृहस्थ गेले कुठे?

गेल्या गुरुवारी श्रद्धाचा फोन आला. हल्ली ती सारखी सल्ला विचारते. बँकेची नोकरी आहे, अजून पाच वर्षं बाकी. म्हणाली, "दादा, आता सोडते आणि गाणं शिकते. काय करू?"

प्रश्न अवघड होता. मी पेन्शनचा विचार केला. तिच्या वयाचा केला. तिच्या गळ्याचा केला, आणि जास्त काळजी वाटली. खिडकी बंद होती. घरात मी एकटा. अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं...

"बरं," श्रद्धा तिकडून म्हणाली. "तसंच करते."

आणि तिने फोन ठेवला.

ती काय करणार आहे, मला माहीत नाही. विचारायची सोय नाही. सल्ला माझाच आहे.