भूक कुणामुळे मेली

लिफ्ट बंद होती, म्हणून कॅन्टीनचे पाव घेऊन बेकरीवाला जिन्यानंच चार मजले चढून आला आणि धापा टाकत समोर दिसलेल्या बाकावर टेकला. तो बाक होता लठ्ठपणाच्या अभ्यासासाठी नाव दिलेल्या लोकांचा. संशोधिकेनं दार उघडलं, त्याचा एकूण घेर पाहिला आणि काहीएक न विचारता फर्मावलं, "बूट काढा आणि काट्यावर उभे राहा."

तो निमूट उभा राहिला. चूक कळल्यावर ती इतकी ओशाळली की माफी मागतानाही अडखळली. त्यानं मात्र तिथल्या तिथे अभ्यासात नाव घातलं. इतक्या हक्कानं आजवर आपल्याला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणाला.

मग तो दर महिन्याला येऊ लागला. दंडाचा घेर टेपनं मोजायचा, मग तिथली कातडी चिमट्यासारख्या उपकरणात धरून चरबीची जाडी बघायची, हे तिचं काम. तिची गार बोटं लागली की तो शहारायचा.

"महिनाभर वाट पाहायची… आणि मिळतो काय, तर चिमटा."

"हलू नका. माप चुकेल."

"चुकलं तर पुन्हा घ्याल ना?"

ती मान खाली घालून हसू दाबायची. पण त्याच्या तारखेला ती नवा कुर्ता घालते, हे अख्ख्या प्रयोगशाळेला ठाऊक झालं होतं.

त्याचं वजन उतरू लागलं. तिनं शाबासकी दिली. तेव्हा खिडकीबाहेर पाहत तो म्हणाला, "मी काही केलेलं नाही हो. भूकच मेलीय. धाकटी बहीण म्हणते, दादा, तू प्रेमात पडलायस… मलाही तसंच वाटतं."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हातातली टेप खाली पडली. त्या दिवशी ती घरी गुणगुणत गेली.

पुढच्या खेपेला त्याच्या दंडाला टेप लावली आणि तिचा हात थबकला. घेर पुन्हा कमी झाला होता. चिमट्यात येणारी चरबी मात्र होती तेवढीच. म्हणजे चरबी नव्हे, स्नायू झडत होते. नुसत्या वजनावर भुलू नका, हे ती विद्यार्थ्यांना घसा कोरडा पडेपर्यंत शिकवायची. आणि इथे महिनोन् महिने आकडे तिच्याच हातानं लिहिले जात होते, नि ती लाजत बसली होती.

अभ्यास संपेपर्यंत कुणालाही निष्कर्ष सांगायचा नाही, असा नियम होता. सांगितलंस तर त्याची मापं बाद होतील, अभ्यासाच्या प्रमुख सरांनी बजावलं. होऊ देत, म्हणून ती त्याला घेऊन थेट इस्पितळात गेली.

तपासण्या झाल्या. स्वादुपिंडात गाठ होती आणि ती पसरलीही होती. डॉक्टर हळू आवाजात सगळं समजावून निघून गेले. बहिणीला काय सांगायचं, या विचारात तो पलंगावर नुसता हातांकडे पाहत बसला.

तिला राहवलं नाही. "मला कळायला हवं होतं. माझं कामच आहे ते. पण तुम्ही तसं म्हणालात… आणि मला ते खरं असायला हवं होतं. इतकं, की मी समोरचं पाहिलंच नाही. आवडता तुम्ही मला. फार आवडता."



"भूक गेली ती गाठीमुळे, हे मान्य," तो म्हणाला. "पण रात्री दोनला भट्टी पेटवताना मी शीळ घालायचो, ती काय गाठ घालत होती?"

तिला रडू फुटलं.

"ते महिने चुकीचे होते असं म्हणू नका," तो सावकाश म्हणाला. "माझ्याकडे आता फार उरलेले नाहीत. त्यातले चांगले तरी राहू द्या."

तिनं मान हलवली आणि खुर्ची त्याच्या पलंगाशी ओढून घेतली.