दोन तोंडांची केबल

मुहन्नदच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाची पायरी गेल्या उन्हाळ्यात तुटली होती. येणाऱ्या प्रत्येकाला तो आतूनच ओरडायचा, "जपून, पायरी!" पण ती बांधून काही घ्यायचा नाही. म्हाताऱ्या उम्म सरमदला, म्हणजे सरमदच्या आईलाही त्याने ओरडून सांगितलं, तरी ती ठेचकाळलीच.

तिने पिशवीतून जुनाट लॅपटॉप काढला आणि रुमालात गुंडाळलेली, बाहेरून जोडायची हार्ड डिस्क.

"माझ्या सरमदचा आवाज आहे यात. ऊदच्या तारा छेडताना भरून ठेवलेला. दुसरीकडे कुठेच नाही. लावली की टकटक करते आणि गप्प बसते."

"फार वेळा नाही ना लावलीत, खाला?"

"रोज लावते."

मुहन्नदने डिस्क जोडून पाहिली. अर्धपोटी डिस्क दर वेळी थोडी थोडी मरते, हे तिला कोण सांगणार? जुन्या लॅपटॉपमधून डिस्कला पुरेशी वीज मिळत नसणार. त्याने यूएसबीची खाच बदलली. टकटक. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, सगळा भार गल्लीतल्या जनरेटरवर. शेवटी खणातून दोन तोंडांची केबल काढली आणि दोन्ही तोंडं दोन खाचांत बसवली. एका बैलाला गाडी ओढवेना तर दुसरा जुंपायचा, इतकं साधं.

निळा दिवा लागला. डिस्क गुणगुणत फिरू लागली.

उदाचे सूर आले. म्हातारीने डोळे मिटले. मग सूर थांबले आणि एक तरुण आवाज ओरडला, "यम्मा, वतनिया आली!"

सरकारी वीज आली की बगदादमध्ये जो आधी बघेल तो असाच ओरडतो. त्याचं उत्तरही घरोघर ठरलेलं. उम्म सरमदने डोळे न उघडताच ते दिलं.

"मग मोटार लाव रे आधी! टाकी रिकामी आहे."

"लावली," स्पीकरमधून आवाज आला.

मुहन्नदने पडद्याकडे पाहिलं. रेकॉर्डिंग केव्हाच संपलं होतं.

"त्या दिवशीही हेच बोलल्या असाल तुम्ही," तो घाईघाईने म्हणाला. "तेच भरलं गेलंय."

"त्या दिवशी मी घरी कुठे होते? बहिणीकडे नजफला गेले होते. रिकाम्या घरातही ओरडायची सवय त्याला." तिने डोळे उघडले. "मी परत आले तेव्हा तो या जगात नव्हता. त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, बाळा."

बाहेर जनरेटर खोकला आणि बंद पडला. पंखा थांबला. लॅपटॉपचा पडदा काळा झाला.

डिस्कचा निळा दिवा तसाच होता.

मुहन्नदने केबलची दोन्ही तोंडं उपसली. बोटांखाली डिस्क कोमट होती. फिरत होती.

"खाला, थांबा. वीज आली की नक्कल करून देतो."

"नको. आता पुरतंय त्याला."

तिने डिस्क रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली. लॅपटॉप तिथेच टाकला आणि ती दाराकडे निघाली. मुहन्नदने नेहमीसारखं ओरडायला तोंड उघडलं.

"यम्मा, जपून," पिशवीतून कोणी म्हणालं. "पायरी तुटलीय."

"दिसली रे," ती म्हणाली, आणि अबाया सावरत सावकाश उतरली.