मोहर्लीचा मज्जाविकृत

मोहाच्या झाडाखाली सँडलचा पट्टा तुटला नसता, तर नंदिनीचं लग्न नागपूरच्या एका दंतवैद्याशी झालं असतं आणि कोणालाच काही कळलं नसतं. पण पट्टा तुटला. ती उकिडवी बसून तो ओढू लागली. मान वर करून पाहते तर शेजारी खाकी शर्टातला एक तरुण उभा... आणि तोही तिच्याकडे पाठ करून.

"काय पाहिजे?" नंदिनी दचकली.

"काई नाई. तुमी बांधा सँडल." तो झाडीकडे तोंड करूनच बोलला. "मी आहो उभा."

"पण असं तिकडे तोंड करून?"

"इकडं करून पायजे का?"

नंदिनीचे कान तापले.

ती माजरीच्या कोळसा खाणीच्या कॉलनीतली. चंद्रपूरला मानसशास्त्रात एम. ए. करत होती. सिद्धान्त तिला तोंडपाठ होता. लहानपणी घरात पोराला सुरक्षित वाटलं नाही की एक भीती मनात मुक्काम ठोकते. मग मोठेपणी ते पोर तीनपैकी एक वाट धरतं : प्रेमासाठी लोकांच्या मागे मागे फिरतं, लोकांशी भांडत बसतं, नाहीतर लोकांपासून दूर पळतं. यालाच मज्जाविकृती म्हणतात. प्रकल्पासाठी असा एखादा माणूस शोधत ती जंगलाकाठच्या मोहर्लीला मैत्रिणीच्या घरी उतरली होती. आता तो आपल्या पायांनी चालत आला होता आणि आल्या आल्या पाठ फिरवून उभा होता. तिसरी वाट. शंकाच नको.

त्याचं नाव विक्की. सफारीचा गाइड. दुपारी जिप्सी बंद असल्या की तो आईच्या चहाटपरीवर बसायचा. नंदिनीने तिथेच त्याच्या बालपणात शिरायला सुरुवात केली.

"लहानपणी कशाची भीती वाटायची?"

"वाघाची."

नंदिनीचे डोळे चमकले. "वाघ म्हणजे... वडील?"

"नाई जी. वाघ म्हणजे वाघ."

"खोलवर जाऊन आठवा."

विक्की डोळे मिटून खोलवर गेला. "पट्टे होते," तो म्हणाला.

असे दिवस चालले. ती बाकावर बसली की हा पाठ फिरवून उभा. ती उठली की वळायचा, आणि वळला की हसायचा — आधी डोळ्यांनी, मग जरा उशिराने ओठांनी. पुढे पुढे नंदिनी टपरीवर उगाचच उठबस करू लागली. हे प्रकल्पात कुठल्या प्रकरणात घालायचं, ते तिला ठरवता येईना.

शेवटी तिने त्याच्या आईलाच विचारलं, "बाई, हा लहानपणापासून असाच बुजरा आहे का?"

"बुजरा? हा?" ठमाबाईंच्या हातातली गाळणी थांबली. "अवो, मोहफुलं वेचाले गेलो की एक जण वाकते, अन् दुसरा त्याच्याकडं पाठ करून झाडी पाहत उभा राह्यते. वाकलेलं माणूस वाघाले जनावरच दिसते ना. बसल्या माणसाची पाठ राखा लागते, हे आमच्या इथी लेकराले चालाच्या आधी शिकवतेत."

नंदिनी सुन्न झाली. एका मुलखातला आजार दुसऱ्या मुलखात रीत असतो, हे पुस्तकात ठळक अक्षरांत होतं. परीक्षेत त्यावर तिला पूर्ण गुण पडले होते. म्हणजे एवढे दिवस हा आपल्यापासून दूर पळत नव्हता. आपल्याला... राखत होता.

"आता मी विचारतो," बाकाशेजारून विक्की म्हणाला. "तुमचे लाड कोण करे?"

"बाबा. पहिला नंबर आला की अख्ख्या कॉलनीत पेढे."

"अन् दुसरा आला तं?"

"बोलायचे नाहीत."

"कवापर्यंत?"

"पुढच्या परीक्षेपर्यंत." ती हसली. तो हसला नाही.

"रविवारी तो दाताचा डॉक्टर सुपारी फोडाले येऊन राह्यला, तुमची मैत्रीण सांगत होती. आवडला का तुमाले?"

"बाबांनी विचारलं. मी चालेल म्हटलं."

"साखर टाकू?" ठमाबाईंनी मधेच विचारलं.

"चालेल."

"का बिनसाखरेचा देऊ?"

"चालेल, बाई."

आणि नंदिनीने स्वतःचा आवाज ऐकला. पहिली वाट. प्रेम मिळावं म्हणून सगळ्यांना होकार. ज्या माणसाच्या शोधात ती मोहर्लीला आली होती, तो माजरीपासून एसटीत तिच्याच सीटवर बसून आला होता.

तिने तिथेच बाबांना फोन लावला. फोनचा कानाजवळचा आवाज बिघडलेला, त्यामुळे जे काही व्हायचं ते स्पीकरवर, सगळ्या टपरीसमोर झालं.

"जयभीम, बाबा. रविवारी त्या लोकांना येऊ नका म्हणून सांगा."

"काऊन?"

नंदिनीची पुस्तकी भाषा कुठल्या कुठे पळाली. "मले तो डॉक्टर नाई पायजे. मले... विक्की पायजे."

ठमाबाईंच्या पातेल्यातला चहा उतू गेला. इथे आणखी कोणी विक्की आहे की काय, हे विक्कीने मागे वळून पाहिलं.

फोनमध्ये कोळशाचा ट्रक गेल्याचं ऐकू आलं. बाबा गप्प. ही शांतता या खेपेला कुठल्या परीक्षेपर्यंत चालणार, नंदिनीला ठाऊक नव्हतं. तरी तिने फोन ठेवला नाही.

"करते काय तो?" बाबांनी विचारलं.

"वाघ दाखवते."

"दिसते का?"

"कधी कधी."

"अन् लोकाईले काय सांगते?"

"कधी कधी दिसते म्हणून."

"म्हणजे खोटं तं बोलत नाई," बाबा म्हणाले. "दे त्याले फोन."

विक्कीने फोन दोन्ही हातांनी धरला. "जयभीम, काका."

"कवापासून चालू आहे हे?"

"मले तं आत्ताच समजलं, काका."

"मले बी." बाबांनी सुस्कारा सोडला. "तुले पसंत आहे का पोरगी?"

विक्कीने नंदिनीकडे पाहिलं. "कवाची पसंत आहे."

"मंग तिले सांगितलं काऊन नाई?"

"तिनं सगळंच विचारलं, काका," विक्की म्हणाला. "हेच नाई विचारलं."