दारावर टांगलेली ओढणी

देवपुरातल्या झेरॉक्सच्या दुकानात दिपमालानं मोबाइल पुढे केला. फोटोत समुद्रात उतरलेला पांढराशुभ्र कडा होता. "याची रंगीत प्रिंट द्या."

"कडा आता असा नाही राहिला," मागून कुणीतरी म्हणालं. "खडूचा आहे. हिवाळ्यात खचतो."

तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा, डोळ्यांखाली जागरणं.

"तुम्ही मोजायला गेला होता?"

"भांडी घासायला. दोन वर्षं, तिथल्या हॉटेलात."

तो कडा बाल्टिक समुद्रातल्या र्युगन बेटावरचा होता. जर्मन लोक उन्हाळ्यात तिथं सुट्टीला जातात. तिथल्याच एका हॉटेलात दिपमालाला प्रशिक्षणाची जागा मिळाली होती; जून लागला की ती निघणार होती. दुकानात भेटलेला हा प्रेमराज मात्र तिथून कायमचा परतला होता. आई गेली तेव्हा तिची चिता त्यानं फोनवर पाहिली होती. मागोमाग वडिलांना, लोटन आबांना, अर्धांगवायू झाला. आता त्यांचं हगणं-मुतणं काढायचं आणि उरल्या वेळात मोबाइल दुरुस्त करायचे, एवढंच त्याचं जग होतं.

मग संध्याकाळी पांझरेच्या पुलावर भेटी सुरू झाल्या. नदीत पाणी नव्हतं, वारा भट्टीसारखा. तो मात्र वादळानंतर किनाऱ्यावर पिवळे अंबर, म्हणजे डिंकाचे दगड झालेले खडे, शोधणाऱ्या माणसांबद्दल बोलायचा, शरदात उतरणाऱ्या हजारो क्रौंच पक्ष्यांबद्दल बोलायचा. तिथं चार तोंडांचा लाकडी देव होता म्हणे. परक्या राजानं तो फोडला आणि सैन्यानं त्याच लाकडांवर जेवण शिजवलं.

"हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो. माणूस स्वतःशीच भांडायला लागतो."

"घाबरवून राहिले का मला?"

"नाही… पण घाबरलात तर मला चालेल."

ती हसली. त्याचा हात कठड्यावर होता, तिच्या हातापासून वीतभर. त्यानं तो हलवला नाही, तिनंही नाही.

"तिथं एका टोकाला जुनी रीत होती म्हणतात," तो म्हणाला. "मुलीला लग्न करायचं असलं की ती दारावर आपला ऍप्रन टांगायची. मुलं समोरून जायची. नको तो दिसला की ती ऍप्रन आत घ्यायची. हवा तो आला, तर राहू द्यायची, आणि मग तो आत यायचा."

"आपल्याकडे पोहे करावे लागतात."

निघायच्या आदल्या दिवशी तिनं फाटकावर पिवळी ओढणी टांगली. स्वतःची लाज स्वतःच्या हातानं वेशीवर टांगल्यासारखं तिला वाटलं.

"ओढणी तठे काबर टांगी व?" आई प्रमिलाबाई म्हणाल्या. "बठ्ठी धूळ बसी राहिनी."

"बसू दे धूळ, आई. तिथंच असू दे."

संध्याकाळी पुलाकडे निघालेली प्रेमराजची गाडी आली. हळू झाली. त्यानं एक पाय जमिनीवर टेकवला, ओढणी पाहिली, तिच्याकडे पाहिलं. ती दारात तशीच उभी राहिली. तिनं ओढणीला हातही लावला नाही.

त्यानं गिअर टाकला आणि तो निघून गेला. रात्री ती जेवली नाही, आणि आईला वाटलं, पोरीला घर सोडायचं वाईट वाटतंय.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या बसपाशी तो उभा होता.

"ओढणी दिसली नाही?" तिनं विचारलं.

"दिसली."

"मग?"

"आत आलो असतो तर तू थांबली असतीस." तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला. "आबांचं अंथरूण उपसत बसली असतीस. पुढे कधी त्या बेटाचं नाव काढलं असतंस, तर मला तुझ्याकडे बघवलं नसतं. माझं प्रेम आहे तुझ्यावर, दिपमाला. म्हणून निघून गेलो."

तिचे डोळे भरले, पण त्यात रागही होता.

"मी थांबणार, हे कुणी सांगितलं तुला?"

त्यानं तिची बॅग उचलून बसच्या पायरीवर ठेवली.

"मी गेलेच असते, प्रेमराज. फक्त तुझी होऊन गेले असते."

कंडक्टरनं घंटी मारली. त्याचे ओठ हलले. "मग… आता?"

"आता नुसतीच जाते," ती म्हणाली आणि पायरी चढली.