मावशीचा डबा

दुकानात, बिस्किटांच्या फळीपाशी, एक मुलगी डोळ्याला भिंग लावून पुडा वाचत उभी होती. भिंगही साधं नव्हे, घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांचं, डोळ्याच्या खोबणीत बसवायचं. पुड्यामागची अक्षरं होतीच तशी... मुंगीलाही चष्मा लागला असता.

"काय हो, हिरे घातलेत का त्यात?"

आवाज एवढा दणदणीत, की वरच्या फळीवरचे दोन डबे हलले. एक तर पडलाच म्हणतात. ती दचकून वळली. भिंगातून नुसता धूसर ढग दिसला. भिंग काढलं तेव्हा त्या ढगाला दोन डोळे निघाले, नको इतके हसरे.

"माल्टिटॉल आहे," ती म्हणाली.

"ते कोण?"

"साखरेच्या जागी घालतात. नाजूक पोटात जास्त गेलं की आत बँड वाजतो."

"पण समोर बघा की, केवढं ठळक लिहिलंय, 'साखरमुक्त'! मीच छापलंय. लेबलांच्या छापखान्यात अकरा वर्षं आहे मी." छापखान्यातल्या यंत्रावर ओरडून बोलता बोलता त्याचं गुपितसुद्धा चार दुकानं पलीकडे ऐकू जायचं.

"आणि मागची बाजू?"

"तीही मीच छापतो." तो ओशाळला. "वाचली मात्र... कधीच नाही."

मग तिनं त्याला तिथंच, फळीपाशी, शिकवलं. साखर नसली तरी मैदा असतोच. यादीत जे पहिलं, ते सगळ्यात जास्त. आणि 'वरून साखर घातलेली नाही' असं लिहिलं असेल तर सावध. फळांची, दुधाची साखर आत गुपचूप बसलेली असते. तो एखाद्या शहाण्या विद्यार्थ्यासारखा ऐकत होता. लेबलाकडे कमी, तिच्याकडे जास्त बघत.

"एवढं सगळं तुम्हाला कशाला लागतं? तुम्ही तर काडीसारख्या..."

तिनं पुडा पोटाशी घट्ट धरला. ते पोट आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी कापून केळ्याएवढं केलेलं. त्याआधी तिचं वजन एकशे अठरा किलो होतं आणि बसमध्ये तिच्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरायची. असं हसून तिच्याकडे कुणी... नाही, कधीच कुणी बघितलं नव्हतं.

"मावशीसाठी," ती म्हणून गेली. "वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय तिचं."

तिच्या आईला बहीणच नव्हती.

पुढच्या शुक्रवारी तो पत्ता शोधत तिच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात हजर. हातात चांगलं चालणारं घड्याळ.

"दुरुस्त करायचंय."

"याला काय झालंय?"

"तेच तर तुम्ही शोधायचं. वेळ लागला तरी चालेल."

वेळ लागला. पाच शुक्रवार लागले. दर वेळी तो नव्या लेबलांचा गठ्ठा आणायचा आणि दोघं डोकी जवळ आणून मागची बाजू वाचायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते कुणालाच कळलं नाही. "हे मावशींना चालेल? यात प्रथिनं जास्त आहेत बघ." तो मावशीची इतकी काळजी करायचा, की तिला त्या नसलेल्या बाईचा हेवा वाटू लागला. सांगून टाकावं, असं रोज वाटायचं. पण मग... त्याला काडी आवडली होती. एकशे अठरा किलो ऐकून त्या डोळ्यांतलं हसू विझलं तर?

"रविवारी घरी ये," एकदा तो म्हणाला. "आईनं बोलावलंय. मावशींनाही घेऊन ये."

"मावशी... कुठे जात नाही."

"मग डबा देऊ!"

रविवारी ती गेली. जेवायच्या खोलीत टेबलावर उंच केक, आणि बाजूला घट्ट झाकणाचा एक छोटा डबा.

"तो मावशींचा," त्याची आई म्हणाली. "उकडलेला मासा, मऊ भाजी, गोडाचं नाव नाही. यानं माझं डोकं खाल्लं हो, हे घाल, ते नको. पण तू काडी! तू केक खा. साखरेचा कणही नाही, नुसता मध आणि खजूर."

मध. खजूर. नुसती साखरच की, दुसरा सदरा घालून आलेली! नको म्हणावं, तर कारण सांगावं लागणार. समोर तो तिच्याकडे बघत बसलेला... तिनं खाल्ला. एक अख्खा तुकडा.

पंधरा मिनिटांत कानशिलं तापली. काळीज असं धडधडू लागलं, की टेबलावरचे चमचे वाजले. घाम, मळमळ, पोटात पीळ. समोरची खिडकी फिरू लागली.

"अगं, काय होतंय? डॉक्टरांना बोलावू?"

"नको... थोडं आडवं होऊ द्या. साखर सोसत नाही मला. उतरेल अर्ध्या तासात." कोचावर पडून, डोळे मिटून तिनं सांगून टाकलं. "ऑपरेशन माझं झालंय. मावशी कुणी नाहीये. एकशे अठरा किलोची होते मी. परत होऊही शकते."

 ती मनात सेकंद मोजत राहिली. उठून गेला का? दार वाजलं का?

"मावशीच नाही?" आधी आईच बोलली. "अगं, मग हा डबा कुणाचा?"

तो बोलला तेव्हा त्याचा आवाज पहिल्यांदाच एवढा हळू होता, की तिला डोळे उघडून बघावं लागलं, तोच आहे ना.

"वजनाचं मला काही नाही. पण तू मला घाबरलीस... ते लागलं." तो थांबला. "आणि माझ्या घरी येऊन तुला हे झालं. पाच शुक्रवार काय वाचत होतो मी?"

"माझ्यासाठी वाचत होतास," ती म्हणाली. "मला माहीत होतं. म्हणून तर सांगवेना."

तो कोचापाशी जमिनीवर बसला. तिथून तासभर हलला नाही.

ती सावरल्यावर आईनं छोटा डबा उघडला. "डब्याची मालकीण आलीये तर जेवू दे तिला. किती लागतं गं तुला?"

"एवढुसं. आणि घास अगदी पीठ होईपर्यंत चावावा लागतो, नाहीतर अडकतो."

तिनं माशाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा तोंडात घातला. नेमकं तेव्हाच, मागचापुढचा विचार न करता, त्यानं विचारलं, "माझ्याशी लग्न करशील?"

ती चावत राहिली. सात. आठ. नऊ. तिचे डोळे त्याच्यावर, तोंड बंद. तो पांढरा पडला. पंधरा. सोळा. आता काळीज त्याचं धडधडत होतं, अन् चमचे पुन्हा वाजायला लागले.

"अरे, चावू दे तिला!" आई ओरडली.

सव्वीस. सत्तावीस. तिनं गिळलं, रुमालानं ओठ टिपले.

"परत विचार," ती म्हणाली. "चावण्याच्या नादात नीट ऐकू आलं नाही."

त्यानं परत विचारलं. या वेळी तिच्या तोंडात घास नव्हता.