बाबांच्या हातचं कुंकू

दोष अण्णांचा. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायची गरजच नाही. जयवंतचा बाप असला म्हणून काय झालं!

चौऱ्याऐंशीचा दसरा. आरे कॉलनीत तबेल्यामागच्या खोलीत, भर दुपारी, जयवंतने आजोबांची दुनळी बंदूक पाटावर ठेवली. सोमवारपासून त्याला घाटकोपरला कारखान्यात लेथवर लागायचं होतं. कॉलेज सोडलेल्या पोराकडे दुसरं होतं काय? दोन हात.

गुणाजी आजोबा वारले, त्याला दोन वर्षं झाली होती. त्यांचा उजवा अंगठा याच बंदुकीने खाल्ला होता. तरी म्हातारा मरेपर्यंत तिला पुजायचा. काडतूस बसतं तिथे, नळीच्या आत, बोटाने ओलं कुंकू भरायचा आणि मग हवेत एक बार.

"अण्णा, ते कुंकू सुकून दगड झालंय. बार झाला की काडतूस फुगतं नि तिथेच चिकटतं. घासलेटच्या फडक्याने पुसू द्या ना."

"पुसू नको! बाबांच्या हातचा कुंकू हा ता. कालेज सोडलंस नि माका शिकवतंस?"

चूक जितकी जुनी, तितकी या लोकांना सोवळी.

बार काढायला मात्र जयवंतलाच पुढे केलं. दस्त्याने खांद्यात अशी लाथ घातली की हात बधिर झाला. तबेल्यातल्या म्हशी रेकल्या आणि एकदम गप्प झाल्या. आत येऊन त्याने बंदूक मधून मोडून उघडली. रिकामं काडतूस चिकटलेलंच.

अण्णांनी वेताची काठी दिली. "तोंडाकडून ढकल. बाबा असाच काढायचे."

जयवंतने काठी नळीत घातली, टोकावर अंगठा दाबून रेटली. काडतूस हललं नाही. मग पलीकडून कुणीतरी काठी परत ढकलली. हळूच...

"अण्णा... तुम्ही हात लावलात?"

अण्णा दाराशी होते, हात जोडून. खोलीत आजोबांच्या तपकिरीचा वास दाटला होता.

"सोडू नको रे..." अण्णा पुटपुटले. "बाबा रागावतील..."

जयवंतने सोडली नाही. लहानपणापासून हेच तर शिकवलेलं.

बार झाला. उघड्या बंदुकीतून, रिकाम्या काडतुसाचा.

काडतूस घरंगळत पायाशी आलं. त्याच्या पितळी बुडावर ओल्या कुंकवाचा ठसा होता. अंगठ्याचा. घरात त्या दिवशी कुंकू कुणी भिजवलंच नव्हतं.

जयवंतचा उजवा अंगठा गेला. लेथची नोकरीही गेली.